जीवनसत्त्वे इंजेक्शनला ‘कापतात’ का?

पत्र : माझे वय २४. अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये नोकरी करतो आणि सिडकोतल्या जिममध्ये तीन वर्षांपासून व्यायाम करतो. यंदा जिल्हास्तरीय शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचे ठरवले आहे. ट्रेनरच्या सांगण्यावरून सात आठवड्यांपासून आठवड्यातून दोनदा टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन आणि रोज डी-बॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतो. त्याआधीपासून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दिलेली ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी आणि एक मल्टिव्हिटॅमिन चालू आहे. केस गळू लागले म्हणून महिनाभरापासून १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळीही घेतो. ट्रेनर म्हणतो, जीवनसत्त्वे हार्मोनला कापतात, सगळी बंद कर. दुसरा एक जण म्हणतो, उलट दुप्पट घे, लिव्हर सांभाळले जाते. मागच्या आठवड्यात रक्त तपासले तेव्हा थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खूप कमी, ०.०८, आणि फ्री टी-फोर वाढलेले आले. एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) १९ आहे, यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी ११८ आहे आणि टेस्टोस्टेरॉन खूपच वाढलेले आहे. ट्रेनरच्या मते ही सगळी गडबड जीवनसत्त्वांनी केली. कोणाचे खरे मानावे? घरी यातले काही माहीत नाही. वायलचा फोटो सोबत जोडला आहे.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही काहीही न लपवता लिहिलेत, रिपोर्टमधले आकडे जसेच्या तसे दिलेत, म्हणून मलाही मोघम बोलावे लागणार नाही. आधी सरळ उत्तर देतो आणि मग त्यामागची कारणे सांगतो. नेहमीच्या मात्रेतले कोणतेही जीवनसत्त्व टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा किंवा तुमच्या गोळ्यांचा परिणाम कमी करत नाही, त्यामुळे ट्रेनरचे म्हणणे चुकीचे आहे. जीवनसत्त्वे दुप्पट घेतल्याने यकृताचे रक्षण होत नाही, त्यामुळे दुसऱ्या मित्राचे म्हणणेही चुकीचे आहे, आणि या दोन सल्ल्यांपैकी हा दुसरा अधिक घातक आहे. मात्र तुमच्या रिपोर्टमध्ये एका जीवनसत्त्वाने खरोखर गोंधळ घातला असण्याची दाट शक्यता आहे. तो गोंधळ तुमच्या शरीरात झालेला नाही, प्रयोगशाळेतल्या यंत्रात झालेला आहे.

‘औषध कापले जाते’ हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तर लोह नीट शोषले जात नाही. थायरॉइडच्या गोळीसोबत कॅल्शियम किंवा लोह घेतले तर ती गोळी आतड्यातच अडकून पडते, म्हणून त्या दोहोंत चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. पण या उदाहरणांत दोन पदार्थ पोटात एकमेकांना भेटतात आणि बांधले जातात. तुमचे इंजेक्शन पोटात जातच नाही. ते तेलात विरघळवलेले असते, स्नायूत त्याचा साठा होतो, तिथून ते हळूहळू रक्तात उतरते, रक्तात त्याला जोडलेला आम्लाचा तुकडा सुटून मोकळे टेस्टोस्टेरॉन तयार होते आणि पुढे प्रामुख्याने यकृत त्याचे विघटन करते. या सबंध वाटेवर ब, क किंवा ड जीवनसत्त्व आडवे येईल अशी जागा नाही. यकृतातले विघटन वाढवून अशा संप्रेरकांची रक्तातली पातळी खरोखर खाली आणणारी औषधे आहेत, पण ती वेगळी आहेत. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही जुनी औषधे त्यांत मोडतात. मल्टिव्हिटॅमिन त्या यादीत नाही.

आता त्या टीएसएचकडे वळतो, कारण या आकड्यावरून तुम्हाला कोणी थायरॉइड कमी करणारी गोळी सुरू करून देण्याआधी हे उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बायोटिन हे ब गटातलेच एक जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरते आणि तेवढे अंडी, शेंगदाणे, दूध, डाळी यांतून मिळून जाते. तुमच्या गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम आहे, आणि हा आकडा गरजेच्या ३०० पटींहून अधिक होतो. जास्तीचे बायोटिन लघवीवाटे निघून जाते आणि त्याची विषबाधा सहसा होत नाही, म्हणून ते सर्रास विकले जाते. अडचण दुसरीकडे आहे. हार्मोन मोजणारी अनेक यंत्रे बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचे प्रथिन यांच्या पकडीचा उपयोग करतात, कारण ती पकड निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे. तपासणीच्या रसायनात कंपनीने बायोटिन आधीच जोडलेले असते. रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा पूर आला असेल तर ते त्या पकडीच्या जागा अडवून बसते आणि यंत्राची मोजणी चुकते. गंमतीची नव्हे, काळजीची गोष्ट अशी की ही चूक सगळ्या तपासण्यांत एकाच दिशेला होत नाही. टीएसएच, तसेच वृषणांना कामाला लावणारी एलएच व एफएसएच ही संप्रेरके ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात आकडा खोटा कमी येतो. फ्री टी-फोर, टेस्टोस्टेरॉन आणि ड जीवनसत्त्व ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात तो खोटा वाढून येतो. टीएसएच कमी आणि टी-फोर जास्त हे चित्र थायरॉइड ग्रंथी अतिकाम करत असल्याच्या चित्राशी हुबेहूब जुळते, आणि तुमच्या कागदावर तेच चित्र आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी जाहीर इशारा दिला होता. बायोटिनची मोठी मात्रा घेणाऱ्या एका रुग्णाचा ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी आला आणि त्या रुग्णाचा मृत्यू झाला, अशी नोंद त्या इशाऱ्यात आहे. ट्रोपोनिन ही हृदयविकाराच्या झटक्याची तपासणी आहे, एवढे सांगितले की गांभीर्य लक्षात येईल.

माझ्या दवाखान्यातलाच एक प्रसंग सांगतो. नाशिकरोडकडचा एक तरुण गेल्या हिवाळ्यात आला, तेव्हा तो थायरॉइड कमी करणारी गोळी महिनाभर घेत होता. मी त्याला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. थायरॉइड खरोखर वाढलेला असेल तर बोटांची बारीक थरथर कागदाच्या कडेला दिसते. कागद हलला नाही. तळहात थंड आणि कोरडे होते, नाडी मिनिटाला ६८ होती, वजन घटले नव्हते, गळ्याला सूज नव्हती. मग त्याला पिशवीतले सगळे डबे टेबलावर मांडायला सांगितले, तेव्हा केसांच्या गोळ्यांची बाटली निघाली. ती बंद करून चौथ्या दिवशी तपासणी केली, तर टीएसएच वेगळेच दिसले. नको असलेल्या गोळीमुळेच ते आता वाढू लागले होते. महिनाभर तो तरुण नसलेल्या रोगाचे औषध घेत होता.

तुमच्याबाबतीतही असेच असेल असे मी पत्रावरून ठामपणे सांगू शकत नाही, पण संशयाला आणखी एक आधार आहे. बाहेरून घेतलेल्या अॅनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, स्टेरॉइडमुळे थायरॉइडचे संप्रेरक वाहून नेणारे प्रथिन कमी होते, त्यामुळे एकूण टी-फोर घटते आणि टीएसएच सहसा जागेवर राहते. म्हणजे तुमचा रिपोर्ट इंजेक्शनने घडवलेल्या चित्राशी जुळत नाही, बायोटिनने घडवलेल्या चित्राशी जुळतो. एक शंका मात्र तुम्हालाच दूर करावी लागेल. कटिंगसाठी, म्हणजे स्पर्धेआधी चरबी घटवण्यासाठी, म्हणून ट्रेनरने एखादी ‘चरबी जाळणारी’ गोळी दिली असेल तर तिच्यात थायरॉइडचे संप्रेरक असू शकते, आणि मग टीएसएच खरोखरच खाली गेलेले असेल. अशी गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

केसांबद्दलही एक वाक्य लिहितो. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात डीएचटी या संप्रेरकात बदलतो आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस त्यामुळे लवकर विरळ होतात. बायोटिन हा बदल रोखत नाही. ज्या कारणासाठी तुम्ही ती गोळी सुरू केली त्या कारणावर तिचा उपयोगच नाही, तेव्हा ती आजच बंद करा.

आता ‘दुप्पट घे’ या सल्ल्याविषयी. डी-बॉल म्हणजे मेथॅन्डिएनोन. साधे टेस्टोस्टेरॉन तोंडावाटे घेतले तर पहिल्याच फेरीत यकृत ते मोडून टाकते, म्हणून या गोळीच्या रेणूत सतराव्या कार्बनवर एक मिथाइल गट जोडलेला असतो, जेणेकरून यकृताला तो सहज मोडता येऊ नये. गोळी तोंडाने घेऊनही काम करते ती याच कारणाने, आणि यकृताला भोवते तीही याच कारणाने. पित्ताचा प्रवाह मंदावतो, कावीळ होऊ शकते, दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि गाठी झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. हा भार कोणत्याही जीवनसत्त्वाने हलका होत नाही. उलट काही जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत स्वतःच यकृतावर भार टाकतात. अ जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि यकृतातच साठते, त्याचा अतिरेक झाला तर यकृताला सूज येते. ब-३, म्हणजे नायासिन, एचडीएल वाढवते अशी ख्याती आहे, त्यामुळे स्टेरॉइडने एचडीएल घसरले की मोठ्या मात्रेत नायासिन घेण्याचा सल्ला जिममध्ये मिळतो. ग्रॅमच्या मापात घेतलेले नायासिन यकृताला इजा करू शकते. आधीच एका मिथाइल गटाने जेरीस आणलेल्या यकृतावर हे दुसरे ओझे कशासाठी लादायचे? त्यातून एचडीएलचा आकडा थोडा वर गेला तरी झटक्याचा धोका तेवढा कमी होतो असेही दिसलेले नाही.

याच्याच जोडीला आणखी एक सापळा आहे आणि त्यात तुमच्या वयाची मुले हटकून सापडतात. इंजेक्शनमुळे पाठीवर आणि खांद्यांवर मोठमोठे मुरूम येतात. मग त्यावर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू होतात. हे औषध अ जीवनसत्त्वाच्याच कुळातले आहे आणि तेही यकृत व रक्तातली चरबी या दोन्हींवर परिणाम करते. त्यासोबत अ जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात आणि मेंदूभोवतीचा दाब वाढून तीव्र डोकेदुखी व अंधुक दिसणे असे त्रास होऊ शकतात. मुरूम आले असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना इंजेक्शनबद्दल सांगितल्याशिवाय हे औषध घेऊ नका.

ड जीवनसत्त्वाची पुडी बहुधा ६०,००० युनिटची असेल. ती साधारणपणे आठ आठवडे, आठवड्यातून एकदा अशी देतात आणि मग महिन्यातून एकदा किंवा बंद असे ठरवतात. ड जीवनसत्त्व हे स्वतःच संप्रेरकासारखे काम करते. त्वचेत ते कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या पदार्थापासून बनते, यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होते. त्यामुळे ते टेस्टोस्टेरॉनचे शत्रू ठरवण्याचे कारण नाही आणि त्याची कमतरता असेल तर ती भरून काढणे योग्यच आहे. पण आठवड्याची पुडी रोज घेतल्याने किंवा मोठ्या मात्रेची इंजेक्शने एकामागून एक घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, लघवी आणि तहान वाढते, बद्धकोष्ठ होतो आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. ब्राझीलमध्ये शरीरसौष्ठवाच्या नादी लागलेल्या तरुणांनी जनावरांसाठी बनवलेले अ, ड आणि ई जीवनसत्त्वांचे तेलकट इंजेक्शन स्नायू फुगवण्यासाठी दंडात टोचून घेतले, आणि त्यातून गाठी, गळवे व मूत्रपिंडाचे विकार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जीवनसत्त्व आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, हा समज तिथे लोकांच्या अंगाशी आला. तुमचे ड जीवनसत्त्व किती आहे हेही बायोटिन बंद केल्यावरच तपासा, कारण तो आकडाही खोटा वाढून येऊ शकतो.

ब-६ बद्दल थोडक्यात सांगतो. डेका (नँड्रोलोन हे आणखी एक स्टेरॉइड) घेणाऱ्यांना छाती स्त्रियांसारखी वाढण्याच्या त्रासावर उपाय म्हणून ते रोज शंभर-दोनशे मिलिग्रॅम घेण्याचा सल्ला दिला जातो. महिनोन्महिने एवढी मात्रा घेतली तर पायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, चालताना तोल जातो. गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास आहे. क आणि ई या जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने संप्रेरकाला काही होत नाही, पण व्यायामाच्या फायद्याला होऊ शकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांना चार आठवड्यांच्या व्यायामासोबत रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई दिले, तेव्हा इन्शुलिनच्या कामात व्यायामाने होणारी सुधारणा गोळ्या न घेणाऱ्यांत दिसली आणि घेणाऱ्यांत दिसली नाही. ‘कापणे’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे काहीसा लागू पडतो.

तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आहे का, हे पाकिटावर पाहा. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशींचे उत्पादन वाढते, रक्त घट्ट होते आणि ते हिमॅटोक्रिट या आकड्यात दिसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रुग्णातही हा आकडा ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवावे असे मार्गदर्शक तत्त्व आहे. रक्तक्षय नसलेल्या, इंजेक्शन घेणाऱ्या तरुणाला वरून लोह देण्याचे काही कारण मला दिसत नाही. तुमच्या पत्रात हिमॅटोक्रिटचा उल्लेख नाही, तो असायला हवा होता.

इथपर्यंत मी जीवनसत्त्वांविषयीच लिहिले, कारण तुमचा प्रश्न तो होता. पण तुमच्या ट्रेनरने एचडीएल आणि एसजीपीटीचे खापरही जीवनसत्त्वांवर फोडले आहे आणि हे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे झाले. पुरुषांत एचडीएल ४० च्या वर असावे असे आपण मानतो. तुमचे १९ आहे. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडने काही आठवड्यांतच एचडीएल असे कोसळते, ही पक्की माहिती आहे आणि मल्टिव्हिटॅमिन किंवा ड जीवनसत्त्वाने असे होत नाही. एसजीपीटीबाबत मात्र न्यायाने बोलायला हवे. जड वजने उचलल्यावर स्नायूंतूनही हे विकर रक्तात उतरते आणि निरोगी माणसातही ते किमान आठवडाभर वाढलेले राहू शकते. म्हणून ११८ हा आकडा यकृताचा की स्नायूंचा हे एका आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी जीजीटी, बिलिरुबिन आणि सीपीके या तपासण्या सोबत कराव्या लागतात. स्नायूंचा मामला असेल तर सीपीके भरपूर वाढते आणि जीजीटी जागेवर राहते.

टेस्टोस्टेरॉन वाढलेले दिसते ते तुमच्या शरीराने बनवलेले नाही. बाहेरून पुरवठा सुरू झाला की मेंदूतली पीयूष ग्रंथी एलएच आणि एफएसएच पाठवणे थांबवते आणि वृषणांचे काम बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी आठवणीत ठेवावा असा आहे. त्यात आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून तपासले होते. जिममध्ये पौरुष वाढवणारे म्हणून जे टोचले जाते, त्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी मूल होऊ नये म्हणून केला, हे तुमच्या ट्रेनरने तुम्हाला सांगितले होते का? बंद केल्यावर बहुतेकांची शुक्रनिर्मिती काही महिन्यांत पूर्ववत होते, काहींना अधिक काळ लागतो. तुमचे लग्न व्हायचे आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

वायलचा फोटो मी मोठा करून पाहिला. लेबलवर उत्पादकाचा पत्ता नाही, उत्पादन परवाना क्रमांक नाही, आणि बॅच क्रमांकाच्या जागी नुसती शाई फासलेली आहे. आपल्याकडे टेस्टोस्टेरॉन हे अनुसूची एचमधले औषध आहे. ते नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येते आणि तशी सूचना लेबलवर छापावी लागते. तीही या बाटलीवर नाही. आत काय आहे, किती आहे आणि ते निर्जंतुक आहे की नाही, हे मला, तुम्हाला आणि तुमच्या ट्रेनरलाही ठाऊक नाही. अशी भेसळ जीवनसत्त्वांच्या डब्यातही सापडते. २०१३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ब जीवनसत्त्वाच्या एका गोळीविरुद्ध इशारा दिला, कारण तिच्यात दोन अॅनाबॉलिक स्टेरॉइड सापडली होती. ती घेणाऱ्या काही स्त्रियांच्या अंगावर नको ते केस उगवले होते आणि पाळी चुकली होती, तर पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटले होते. म्हणून जिममध्ये खिशातून काढून दिलेली जीवनसत्त्वेही घेऊ नका. घ्यायचीच असतील तर औषधाच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या.

आता काय करायचे ते सांगतो. डी-बॉलच्या गोळ्या आणि बायोटिन आज बंद करा. त्या वायलमधून पुढचे इंजेक्शन घेऊ नका. ‘सायकल (इंजेक्शन-गोळ्यांचा कोर्स) संपली की हे घे’ म्हणून ट्रेनर ज्या गोळ्या देईल त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका, कारण त्या द्यायच्या की नाही हे एलएच, एफएसएच आणि लक्षणे पाहून हार्मोनतज्ज्ञच ठरवतील. ड जीवनसत्त्वाची पुडी फॅमिली डॉक्टरांनी सांगितली असेल तेवढे आठवडेच घ्या. लोह नसलेले मल्टिव्हिटॅमिन दिवसाला एक घेतले तर बिघडत नाही, पण त्याची गरज आहे असेही मला वाटत नाही. अंडी, दूध, मोड आलेली मटकी, पालेभाजी आणि आपल्याकडची फळे एवढे ताटात असले तर ते पुरेसे आहे.

पुढचा आठवडाभर जड वजने उचलू नका, चालणे ठेवा. आठव्या दिवशी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी रक्त द्या आणि बायोटिन कधी बंद केले ते प्रयोगशाळेला लिहून द्या. टीएसएच, फ्री टी-फोर, एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, सीबीसी, लिपिड प्रोफाइल, यकृताच्या तपासण्या जीजीटीसह, सीपीके, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एवढे एकाच वेळी करून घ्या. इंजेक्शनची वायल किंवा सुई जिममध्ये कोणासोबत वाटून घेतली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस ब व क यांच्याही तपासण्या करा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रक्तदाब मोजून घ्या आणि ईसीजी काढा. कागद हाती आले की शहरातल्या हार्मोनतज्ज्ञांची वेळ घ्या आणि काय, किती, किती दिवस घेतले ते जसे मला लिहिलेत तसेच त्यांना सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने अर्धेच सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांचे निदान उशिरा होते.

डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अंगभर खाज सुटली, एका पायाला सूज आली किंवा छातीत दुखू लागले तर आठवडाभर थांबू नका, थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. छातीत दुखत असेल तर तिथल्या डॉक्टरांना स्टेरॉइडइतकेच बायोटिनबद्दलही सांगा, ट्रोपोनिनच्या तपासणीसाठी त्यांना ते माहीत असणे आवश्यक आहे.

इंजेक्शन थांबल्यावर काही आठवड्यांनी बाहेरचे संप्रेरक ओसरते आणि शरीराचे स्वतःचे अजून सुरू झालेले नसते. या मधल्या काळात थकवा येतो, झोप बिघडते, मन खचते, कामेच्छा जाते. हे तात्पुरते असते, पण एकट्याने सोसायला कठीण असते, आणि नेमके याच काळात अनेक जण पुन्हा सुईकडे वळतात. म्हणून घरी एका तरी माणसाला आजच सांगा. आईला सांगणे जड जात असेल तर मोठ्या भावाला किंवा काकांना सांगा. मनात टोकाचे विचार आले तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर कधीही फोन करता येतो, तिथे मराठीत बोलता येते. स्पर्धेचे नाव यंदा मागे घ्यावे लागेल याचे तुम्हाला किती वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. तीन वर्षे शिफ्ट सांभाळून केलेली मेहनत तुमचीच आहे आणि त्या मेहनतीचे स्नायू सात आठवड्यांच्या इंजेक्शनने आलेले नाहीत.

उरलेली वायल कचऱ्यात टाकू नका आणि कोणाला देऊनही टाकू नका. गोळ्यांचे पाकीट, बायोटिनची बाटली आणि मल्टिव्हिटॅमिन यांच्यासह ती एका पिशवीत भरा आणि हार्मोनतज्ज्ञांकडे जाताना सोबत न्या. नवा रिपोर्ट आला की जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून त्याची प्रत मला जरूर पाठवा.